हलरशेजारची अडतीस वर्षं

आदरणीय अध्यक्ष गोविंदराव फर्डे साहेब, व्यासपीठावर बसलेल्या माजी पंचायत समिती सदस्या नम्रताताई, आजच्या समारंभाचे उत्सवमूर्ती श्री. रघुनाथ बाळू हरड, म्हणजे आपल्या सगळ्यांचा रघू, माझ्या वडिलांच्या काळापासून भाताची पोती घेऊन आमच्या गिरणीवर येणारे शहापूर-मुरबाड भागातले शेतकरी बंधू, मायबहिणी, आणि शेणव्याकडच्या पाड्यावरून खास गाडी करून आलेली रघूची गाववाली मंडळी, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या आधी चार वक्ते बोलले आणि चौघेही छान बोलले. मला तसं बोलता येत नाही. गिरणीवाल्याला ओरडून बोलायची सवय असते, त्यामुळे हा माईक जरा लांबच धरतो. नम्रताताई, तुम्ही कानावर हात ठेवलात तरी मी रागावणार नाही.

अध्यक्षमहोदय, आपण मघाशी माझंही कौतुक केलंत. म्हणालात, लोक दोन वर्षांत मोबाइल बदलतात आणि या शेखरशेठनी वडिलांनी घेतलेलं मशीन एक्केचाळीस वर्षं चालवून दाखवलं, यांच्याकडून काटकसर शिकावी. टाळ्याही पडल्या. आपण वयाने मोठे आहात, म्हणून हात जोडून विनंती करतो, तेवढा भाग परत घ्यावा. का घ्यावा, तेच सांगायला मी उभा आहे. पण आधी रघूविषयी बोलतो, पत्रिकेत तसंच छापलं आहे.

रघू आमच्याकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याला पहिल्या दिवशी वडिलांनी हलरपाशी उभं केलं, आणि गेल्या महिन्यापर्यंत तो तिथेच उभा होता. इथल्या तरुण मंडळींनी हलर पाहिला नसेल. भात भरडायचं जुनं लोखंडी मशीन, शेजारी डिझेलचं इंजिन, मध्ये धावणारा रुंद पट्टा आणि वर पत्र्याची शेड. दिवाळीनंतर भात घरात आलं की सकाळी आठला सुरू झालेलं इंजिन दिवे लागले तरी थांबायचं नाही. त्या शेडमध्ये बोलून उपयोगच नसायचा. सगळा कारभार खुणांचा. तळवा खाली केला की इंजिन बंद, हनुवटीला हात लावला की चहा सांगायचा. रघूची खूण माझ्या बायकोच्या खुणेपेक्षा मला लवकर कळायची, हे ती पहिल्या रांगेत बसली आहे तरी सांगतो.

मघाशी सगळ्यांनीच तो किस्सा सांगितला. रघू हलरच्या सांगाड्यावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "शेठ, बेरिंग चालली. दोन दिस टिकंल." बरोबर दोन दिवसांनी बेरिंग जायची. हा चमत्कार दाखवायला मी पाहुण्यांना मुद्दाम शेडमध्ये न्यायचो. आसनगावच्या एका मास्तरांनी त्याचा व्हिडिओसुद्धा काढला होता. आमचा रघू मशीनची नाडी बघतो, असं मी छाती फुगवून सांगायचो.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. हलर गेला, नवीन मशीन आलं. मला उशिरा का होईना शहाणपण आलं, असं कृपा करून समजू नका. हलरचा एक सुटा भाग मोडला आणि तो कल्याणपासून नाशिकपर्यंत कुठेच मिळेना, म्हणून नवीन आणलं. हे नवीन मशीन इतकं शांत आहे की शेजारी उभं राहून फोनवर बोलता येतं. रघूच्या हातून नारळ फोडला, मेकॅनिकने बटण दाबलं. रघूने सवयीने तळवा ठेवला, जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "शेठ, चालू नाय झाला."

मशीन चालू होतं. खाली पांढरा स्वच्छ तांदूळ पडत होता. शेडमधले सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मेकॅनिक म्हणाला, "काका, आवाज येत नाही का?" रघूने त्याच्या ओठांकडे पाहिलं, खालच्या तांदळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "येतो ना."

मंडळी, रघूला आवाज येत नाही. थोडा कमी येतो, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. पण त्याला काहीच ऐकू येत नाही. मघापासून चार भाषणं झाली, त्यातला एक शब्द त्याला कळलेला नाही. तुमचे हात हलताना दिसले की तो हात जोडतो. आत्ताही मी त्याच्याकडे पाठ करून बोलतोय, म्हणून तो असा प्रसन्न बसला आहे. समोरून सावकाश बोललं तर ओठांवरून त्याला समजतं. तोंड दिसलं नाही तर काही नाही. मशीनवर हात ठेवून त्याला कळायचं, कारण दुसऱ्या कुठल्या वाटेने कळतच नव्हतं. आणि मी त्या गोष्टीची हौसेने जाहिरात करत होतो.

मला हे कधीपासून ठाऊक आहे? नऊ वर्षांपासून.

नऊ वर्षांपूर्वी एकदा पोत्यांची गाडी मागे येत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि रघू हलला नाही. थोडक्यात वाचला. मी त्याला कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला एका बंद काचेच्या खोलीत बसवलं. कानाला यंत्र लावलं आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करायचं. रघू बिचारा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून अंदाजाने बोट वर करत होता. परीक्षेत नापास होऊ नये म्हणून धडपडणाऱ्या मुलासारखा. डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, कानांच्या नसा आवाजाने गेल्या आहेत, त्या परत येणार नाहीत. मशीन बदला, निदान याला तरी तिथून हलवा.

मी काय केलं असेल? तो कागद घडी करून गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवला. परतीच्या वाटेवर रसवंतीपाशी गाडी थांबवली, रघूला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं, "हे कुणाला बोलू नकोस. बातमी फुटली तर साहेब लोक येतील, मशीन बंद करायला लावतील, तुझंही काम जाईल." रघू म्हणाला, "नाय सांगत, शेठ." रसाचे पैसे त्याने दिले. मला देऊ दिले नाहीत.

त्या वर्षी नवीन मशीन विकणारा माणूस दोनदा येऊन गेला होता. जुन्या मशीनमुळे काय जातं, हे मला समजत नव्हतं असं नाही. तांदळात कणी फार पडायची. झिणीसारखं बारीक, चांगल्या जातीचं भात असलं की लोक माझ्या दारावरून पुढे मुरबाडला न्यायचे. पट्टा तुटला की दोन दिवस गिरणी बंद. हे सगळं मला दिसत होतं आणि मी म्हणायचो, चालतंय ना? मग झालं तर. दसऱ्याला त्या हलरला झेंडूचा हार घालायचो, मापट्याभर गुलाल उधळायचो. डॉक्टरांचा कागद त्याच शेडमध्ये, दहा पावलांवर, खणात होता.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. पाड्यावरच्या मंडळींनी नीट ऐकावं.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात रघूची बायको, आमच्या सकुवहिनी, गेल्या. घराच्या मागच्या बाजूला पेंढ्याची उडवी होती. त्या दुपारी गुरांसाठी पेंढा काढायला गेल्या आणि पेंढ्यातून घोणस चावली. पाय उचलेना. तिथेच बसून त्यांनी हाका मारल्या. त्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून रघू घरीच, पुढच्या ओटीवर बसून टोपली नीट करत होता. मध्ये फक्त घर. शेजारच्या माणसांना ओढ्यापलीकडे हाका ऐकू आल्या. त्यांना वाटलं, नवरा ओटीवर आहेच, जाईल. तो पाऊण तासाने चहा मागायला आत गेला, ती दिसेना म्हणून मागे गेला. शहापूरला पोहोचेपर्यंत वहिनी संपल्या.

वहिनींना माहीत होतं की याला ऐकू येत नाही. नवऱ्याच्या शब्दाखातर त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं; घरात त्या नेहमी समोर येऊन बोलायच्या. पण जिवावर बेतलं की माणूस ज्याला हाक मारत आलेलं असतं, त्यालाच मारतं.

दहाव्याला मी गेलो होतो. ओढ्याकाठी सगळा पाडा जमला होता. तिथे रघूची मुलगी माधुरी, आसनगावला दिलेली, बापासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत तिने विचारलं, "बा, आय हाका मारीत होती. पलीकडच्यांनी ऐकल्या. तू ओटीवर होतास. तू का नाय गेलास?"

रघूने तिच्या ओठांवरून प्रश्न वाचला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे चार हातांवर उभा होतो. त्याने रसवंतीपाशी मला शब्द दिलेला होता, आणि तो सोडवणं माझ्या हातात होतं. एक वाक्य बोलायचं होतं. अहो, मी जमिनीकडे पाहिलं. मीच जमिनीकडे पाहिल्यावर तो काय करणार? तो म्हणाला, "माझं ध्यान नव्हतं."

ध्यान नव्हतं! बायको तिकडे मरतेय आणि याचं ध्यान नव्हतं! पाड्यावर त्याचं काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको, ते तुम्हीच केलंत. कुणी म्हणालं, त्याला ती नकोच होती. कुणी म्हणालं, शेठच्या संगतीने माजला. मागून हाक मारली तर ओ देत नाही, हा त्याचा माज ठरला. लग्नाची आमंत्रणं यायची बंद झाली. माधुरी त्यानंतर त्या घराची पायरी चढली नाही. हे मी गिरणीत बसून ऐकत होतो. रघू रोज सकाळी आठला येत होता, हलरवर तळवा ठेवत होता, आणि मी त्याला चहाची खूण करत होतो. तुमच्यावर राग काढायचा मला काही अधिकार नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना एवढंच सांगतो. जुनं मशीन चालतंय म्हणून चालवता ना, चालवा. पण ते कुणाच्या अंगावर चालतंय, तेवढं एकदा उठून जाऊन बघा. लांबून ते दिसत नाही आणि ज्याच्या अंगावर चालतं, तो बोलत नाही.

हे मी माधुरीला घरी जाऊन सांगू शकलो असतो. गेलोही होतो, मागच्या आठवड्यात. तिने पाणी दिलं. मी पाणी प्यालो, पत्रिका दिली, "बापाचा सत्कार आहे, ये," म्हणालो आणि परत आलो. धीर झाला नाही, हे खरंच. पण परत येताना हेही वाटलं, की याची अब्रू चारचौघांत गेली आहे, ती उंबऱ्यात कुजबुजून कशी परत येणार? म्हणून आज बोललो. डॉक्टरांचा तो कागद मी आणला आहे. तारखेसकट आहे. अध्यक्षसाहेब, आपण तो वाचावा आणि नंतर पाड्यावरच्या मंडळींकडे द्यावा, म्हणजे शेठ म्हातारपणी हळवा होऊन काहीबाही बोलला, असं कुणाला म्हणता येणार नाही.

आता आभाराचं काम माझ्याकडेच दिलं आहे. अध्यक्षांनी वेळ दिला, नम्रताताई मुरबाडहून आल्या, आचारी मंडळी सकाळपासून राबताहेत, या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, मानपान राहिला असेल, तर आपण मोठ्या मनाने विसरून जावं. बोलण्यापलीकडचं जे आहे, त्याची माफी मी तुमच्याकडे मागत नाही. ती द्यायचा हक्क या व्यासपीठावर एकालाच आहे. दोन मिनिटं मला तुमच्याकडे पाठ करावी लागेल, राग मानू नका.

रघू. इकडे बघ. माझ्या तोंडाकडे बघ. मी सांगितलं. कल्याणचं, कागदाचं, दहाव्याचं. सगळ्यांना सांगितलं. माझं चुकलं, रघू.

...

माईकवर तुम्हाला ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. रघू "माधुरी आल्ये का?" एवढंच विचारतोय.

आली आहे रे, मागे खांबापाशी बसली आहे. माधुरी, ऊठ बाई. नाही, तिथून हाक मारू नकोस, त्याला कळायची नाही. वाट द्या तिला. तू वर ये, आणि त्याच्या समोर उभी राहा.