माथ्यावरची रानचेरी

या पाटीवर ‘शोधक’ हा शब्द कुणी घातला — तुमच्या समितीनं, की त्यांनी स्वतः सुचवला? — राहू द्या, उत्तर नको मला. पाटी टेबलावर ठेवू नका, त्या खुर्चीवर ठेवा. टेबलावर वाळवलेले नमुने आहेत आणि पितळ जड असतं. डांबरगोळ्यांचा वास सोसत नसेल तर खिडकीशी बसा. तुम्ही कशासाठी आलात ते समजलं मला. तुमच्या सरांची पंच्याहत्तरी आहे, बागेतल्या त्या चेरीखाली ही पाटी बसवायची आहे, आणि झाडाचं नाव बरोबर असल्याची, या वनस्पती-संग्रहाची मानद प्रमुख म्हणून, माझी सही हवी आहे. नाव बरोबर नाही. सही मिळणार नाही. आता उठलात तरी चालेल. — बसणार? मग ऐका, आणि मध्ये ‘पण’ म्हणू नका.

रानचेरी पाहिली आहे तुम्ही? नुसता फोटो नव्हे, झाड. साल गुळगुळीत, तांबूस, आणि आडव्या पट्ट्यांनी सुटणारी. पानाच्या देठावर, पान जिथे सुरू होतं तिथे, दोन बारीक लाल गाठी. फुलं पांढरी, घोसानं येणारी, आणि घोसाच्या बुडाशी कळीची सुकी टरफलं — फक्त टरफलं, हिरवं काही नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल. फळ बोराच्या बीएवढं, कडवट. माणूस थुंकून टाकतो, पाखरं आवडीनं खातात. पाखरू फळ इथे खातं आणि बी तिथे टाकतं. म्हणून हे झाड ओढ्याच्या काठी आहे, मधल्या उतारावर आहे आणि वर डोंगरमाथ्यावरही आहे. खाली ओलाव्यात पान मऊ, वर कोरड्या वाऱ्यात तेच पान जाडसर, मागून लव असलेलं. एका आईची दोन लेकरं, एक सावलीत वाढलं, एक उन्हात — त्यांना कुणी दोन कुळांतली म्हणतं का? देवानं एक झाड केलं. दुसरं केलं तुमच्या सरांनी.

कशासाठी? पदासाठी. त्या वर्षी या संस्थेचं संचालकपद रिकामं होतं, आणि ज्याच्या खात्यावर नवी प्रजाती तो वर चढणार हे शिपायालाही ठाऊक होतं. त्यांनी माथ्यावरची फांदी आणली. पानाला लव होती, पण नुसत्या लवेवर नवी प्रजाती ठरत नाही, फूल वेगळं लागतं. फूल वेगळं नव्हतं. मग माणसानं काय करावं? हात जोडावेत आणि घरी जावं. यांनी कार्यालयामागच्या आंबट चेरीचा घोस खुडला — बागेत लावलेलं झाड, रानाशी त्याचा संबंध नाही — टीपकागदात दाबून वाळवला आणि माथ्यावरच्या फांदीला डिंकानं चिकटवला. त्याच कागदावरून नवं नाव जाहीर झालं. आढळ लिहिला: फक्त हा माथा, जगात अन्यत्र कोठेही नाही. लॅटिन नावात आपल्या आईचं नाव गुंफलं, आणि सत्काराच्या सभेत डोळे पुसून सांगितलं की आईच्या माहेरचं झाड आईला अर्पण केलं. सभा गहिवरली. आई पहिल्या रांगेत बसली होती, शाल सावरत. परतताना रिक्षात मला म्हणाली, बघ, दादानं मला झाड दिलं —

हो. माझा थोरला भाऊ. तुम्हाला ठाऊक नव्हतं? समितीत कुणी बोललं नसेल. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यांना ‘दादा’ म्हटलेलं नाही. आत्ता तोंडातून गेलं. गेलं ते गेलं.

तर, जगात एकाच माथ्यावर उरलेलं झाड म्हटल्यावर पुढे काय होतं? कुंपण येतं. माथ्यावर वस्ती होती, मेंढ्या राखणाऱ्यांची, थोडीच घरं. मेंढ्या रोपं खातात असा अहवाल गेला — कुणाच्या सहीनं ते विचारू नका — आणि वस्ती हलवली. त्या घरांतलं एक घर आमच्या मामाचं. आईच्या पाठचा भाऊ. आईचं नाव असलेल्या झाडासाठी आईचंच माहेर उठलं. मामाला शहराच्या कडेला एक खोली मिळाली, सिमेंटच्या पत्र्याची. तो दारात बसून राहायचा. मी जायची तेव्हा म्हणायचा, पोरी, त्या झाडाला आमची मेंढरं कधी तोंडसुद्धा लावायची नाहीत, पाला कडू असतो. आम्ही शिकलेली माणसं. आम्ही मान हलवायची. मामा त्या खोलीतच गेला, आणि आई मला म्हणाली, काय करणार, झाड वाचलं ना. मला त्या वाक्याची आजही शिसारी येते. तिची नव्हे. ते वाक्य तिच्या तोंडी ज्यानं घातलं, त्याची.

पुढे एका दमट वर्षी कपाटांना बुरशी आली. मी कागद एकेक करून पुसत होते. ज्यावरून नाव जाहीर झालं तो मूळ नमुना हाती घेतला आणि फुलांचा घोस माझ्या तळहातावर पडला. डिंक सुटला होता. फांदीवर त्या जागी तुटल्याची खूणच नाही, आणि घोसाचं देठ ब्लेडनं तिरपं, स्वच्छ कापलेलं. बुडाशी छोटी हिरवी पानं — वाळून तपकिरी झालेली, पण पानंच. रानचेरीला ती नसतात, आंबटीला असतात. मी घोस घेऊन संचालकांच्या खोलीत गेले. म्हटलं, दादा, हा कुठला? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “दार लाव.” मी लावलं नाही. म्हणाले, “तुला आईचं नाव पुसायचंय का?” ऐकलंत? स्वतःच्या पदाची ढाल कशाची केली? आईची. वर म्हणाले, “आणि मामा काय, नाहीतरी थकलाच होता.”

मी आईला सांगितलं. सांगू नये असं त्यांच्या बायकोनं कळवळून विनवलं — वहिनी भली बाई आहे, तिचा राग नाही मला. आई देवापुढे बसली होती. माळ हातात तशीच ठेवून तिनं एकच विचारलं, “म्हणजे ओढ्याकाठी असतं तेच झाड?” म्हटलं, तेच. “मग माझ्या भावाला कशासाठी उठवलं?” मग माळ खाली ठेवून म्हणाली, “लिही. माझं नाव आहे म्हणून थांबू नकोस.” मी लिहिलं. दोन ओळींची दुरुस्ती, छापून आली. आमच्या शास्त्रात खोटं नाव पुसत नाहीत; खऱ्या नावाखाली, दुसऱ्या ओळीत, ज्यानं दिलं त्याच्या नावासकट ते कायम राहतं. तिथे आईचं आणि त्यांचं नाव शेजारी शेजारी आहे. त्यांची नोकरी? गेली नाही. चूक कागद हाताळणाऱ्यांची, असं ठरलं. सन्मानानं निवृत्त झाले, आणि आता तुम्ही पितळ घेऊन आलात. माथ्यावरचं कुंपण अजून आहे. माणसं परतली नाहीत.

उचला ती पाटी. आणि समितीला माझा निरोप असाच्या असा सांगा, गोड करून नको.

काय म्हणालात? — शिक्षा? झाली ना. कचेरीनं नाही दिली. आईनं दिली. त्या दिवसानंतर तिनं त्यांचं नाव उच्चारलं नाही. ते दर रविवारी येत, पायाशी बसत, फळं ठेवत; ती माझ्याकडे बघून म्हणायची, “या गृहस्थांना चहा विचार.” वय झालंय, भ्रम होतो, असं ते लोकांना सांगत. भ्रम नव्हता. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांना नावानं हाक मारली — मला, वहिनीला, नातवंडांना, शेजारणीला, गेलेल्या मामालासुद्धा. ते कान तिच्या ओठांशी नेऊन म्हणाले, “आई, मी कोण?” तिनं डोळे उघडले, त्यांना नीट पाहिलं, आणि मला म्हणाली, “हे गृहस्थ अजून बसलेत? त्यांना त्यांच्या घरी जाऊ दे.”