माशांच्या खाद्यातली भुकटी

आमच्या गावात माशांना शेवगा चारणारा येडा मीच. शेजारच्या दत्तूनं डाळिंब फवारलं, की वाऱ्यानं औषध आमच्या शेततळ्यात यायचं आणि मासे उताणे तरंगायचे. यावरून आमचं बोलणं बंद होतं. मग एका जाणत्यानं सांगितलं म्हणून मी खाद्यात शेवग्याच्या पाल्याची भुकटी आणि हळद मिसळायला लागलो.

परवा दत्तूची बायको बांधावर आली. मला वाटलं, भांडायलाच आली.

"भावजी, तुमचे मासे आता मरत न्हाईत म्हनं?"

"कमी मरतात, वहिनी."

ती बांध उतरून तळ्याच्या काठाशी आली. मग म्हणाली, "ती भुकटी आमच्या ह्यांना चालंल का? फवारून आले की रातभर हात थरथरत्यात."