अकरा वेळा तेच वजन

अध्यक्षस्थानी विराजमान झालेले आपल्या संस्थेचे आदरणीय लालासाहेब, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी प्राध्यापक, विद्यार्थी मित्रहो, आणि माझ्या विनंतीला मान देऊन विट्याहून आलेल्या, पहिल्या रांगेतल्या लीलाबाई,

बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून आज मी निवृत्त होतो आहे. माझ्याआधी चार वक्ते बोलले. ऐकता ऐकता मलाच वाटू लागलं, हा कोण थोर माणूस सांगली सोडून चाललाय? निरोपाच्या दिवशी माणसाला कुणी खरं सांगत नाही, म्हणून ते काम मलाच करावं लागणार. एका विद्यार्थ्यावर मी अन्याय केला. तो आता या जगात नाही. त्याच्या आईला हे सांगायला मी गेल्या वर्षी गेलो आणि न सांगता परत आलो. आज सांगणार आहे.

कृष्णात हा लीलाबाईंचा मुलगा. अडुसष्ट साली माझ्याकडे पीएच.डी.ला आला. विट्याची पोरं परगावी सोनं गाळायला जातात. हा दुर्मिळ मृदा धातूंच्या मागे लागला. विषय रुक्ष आहे, पण दोन मिनिटं सोसा. गॅडोलिनियम नावाचा धातू. त्याच्या भोवती बोरॉन आणि हायड्रोजनचे तीन गट असतात, हायड्रोजनच्याच हातांनी धातूला धरून बसलेले. हे त्याचं बोरोहायड्राइड. ते ईथरसारख्या वासाच्या एका द्रावकात तयार करायचं, मग द्रावक उडवून टाकायचा. उरते ती पांढरी भुकटी. ती हवेतल्या ओलाव्यानंही बिघडते, म्हणून सगळा कारभार बंद काचेत. आमचे काचकाम करणारे इमामभाई, ते बघा तिथं खांबाजवळ बसलेत, त्यांनी काचेची बारीक स्प्रिंग ओढून दिली होती. तिला भुकटी टांगायची, तापवत न्यायची आणि वजन किती घटतं ते पाहायचं.

दोनशे अंशांच्या पुढं हायड्रोजन सुटू लागणार, हे आम्हाला ठाऊक होतं. पण कृष्णातची भुकटी शंभराच्या आसपासच वजन टाकू लागली. मी म्हणालो, "द्रावक नीट उडवला नाहीस. भुकटी ओली आहे."

तो म्हणाला, "सर, त्ये वरवरचं न्हाई. द्रावकाचे रेणू आत धातूलाच धरून बसल्यात. लग्नघरातनं पावणं आदी निघत्यात, घरची मानसं मागनं. तसं हाय ह्ये."

मी आधी हसलो, मग चिडलो. माझ्या मांडणीत त्या पाहुण्यांना जागाच नव्हती, आणि ती मांडणी मी तीन परिषदांत मिरवून आलो होतो. मी त्याला प्रयोग पुन्हा करायला लावला. एकदा नाही, अकरा वेळा. दर वेळी त्यानं भुकटी आधीपेक्षा जास्त तास सुकवली. दर वेळी घट तीच आली, धातूच्या एका अणूमागे द्रावकाचे तीन रेणू.

एक दिवस इमामभाई धीर करून म्हणाले, "सर, रागावू नगा. हयगय आसती तर कवा जास्त पडलं आसतं, कवा कमी. अकरा डाव एकाच मापाची हयगय कुनाला जमंल?"

एवढी साधी गोष्ट. मी त्यांना काचेचं बघा म्हणून गप्प केलं, आणि सगळ्या प्रयोगशाळेसमोर कृष्णातला सुनावलं, "तुझ्या हाताला सफाई नाही. संशोधन तुझं काम नव्हे."

दुसऱ्या दिवशी तो कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून गेला. मामाच्या सोन्याच्या दुकानात, थेट मदुराईला. त्र्याहत्तर साली तिथंच काविळीनं वारला. त्याला मी मारलं असं नाटकी बोलणार नाही. पण स्वतःला गबाळा समजत तो गेला, आणि ते मात्र माझंच कर्तृत्व.

गेल्या वर्षी एक परदेशी नियतकालिक आलं. कुणीतरी असल्याच संयुगाचे स्फटिक क्ष-किरणांनी तपासले होते. धातूभोवती द्रावकाचे रेणू बसलेले होते, कृष्णात म्हणाला होता तसेच. मी त्याची वही काढली. अकरा आकडे आणि प्रत्येकावर माझी लाल फुली. मी रडलो. सांगायला आता लाज कसली?

त्याच रविवारी एस.टी.नं विट्याला गेलो. लीलाबाईंनी चहा केला आणि विचारलं, "आवं सर, पोरगं सुट्टीला आलं की म्हनायचं, आये, माज्या हातालाच सफाई न्हाई. लय कष्टानं शिकीवला व्हता वो त्याला. खरंच नव्हती का?"

मी चहा प्यालो. "गुणी मुलगा होता," एवढंच पुटपुटलो आणि पाचच्या गाडीनं परत आलो. जे दिसलं तेच लिहा, असं जन्मभर पोरांना बजावणारा मी.

लीलाबाई, होती. तुमच्या कृष्णातच्या हाताला सफाई होती. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. तो अकराही वेळा बरोबर होता. चुकलो मी.

संस्थेनं इतकी वर्षं सांभाळून घेतलं, सहकाऱ्यांनी माझा तिरसट स्वभाव सोसला, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलणं लांबलं, एखादा शब्द मागेपुढे झाला असेल, तेवढं सभेनं उदार मनानं पोटात घालावं. बाकीची माफी सभेच्या हातात नाही. म्हणून कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका. लीलाबाईंना काही बोलायचं असेल तर आपण सगळे ऐकू. आणि त्या काहीच न बोलता उठल्या, तर त्यांना कुणी थांबवू नका. वाट द्या.