मास्तरांच्या गुलाबांखाली

डॉक्टर : भिंतीवरून नका वाकू मावशी, तोल जाईल. फाटकातून या. कडी उघडीच आहे.

मावशी : आले, आले. तुझा मिस्त्री कुठे गेला? सकाळपासून टिकावाचा आवाज चालू होता, आणि मध्येच सगळं गप्प. म्हटलं, एका दिवसात हौद झाला की काय.

डॉक्टर : जेवून येतो म्हणाला. पण टिकाव इथेच टाकून गेला. जाता जाता सांगून गेला, "डॉक्टरबाई, खाली काहीतरी पुरलेलं आहे. आधी पोलिसांना विचारा, मगच मला हाक मारा."

मावशी : काय पुरलंय?

डॉक्टर : तेच बघत बसलेय. गुलाबाची झाडं काढली, हातभर खणलं आणि ठण्णकन वाजलं. ते बघा, ते वाकडं लोखंड वर आलंय ना, ते. मला आधी वाटलं जुना पंप असेल.

मावशी : आणि मिस्त्रीला काय वाटलं?

डॉक्टर : त्याला काय वाटलं ते तो बोललाच नाही. नुसता घाम पुसत गेला.

मावशी : हे घर मास्तरांचं होतं तेव्हा ते या वाफ्यात कुणाला पाय ठेवू द्यायचे नाहीत. पोरांचा चेंडू आत गेला तर स्वतः चप्पल काढून आत जायचे आणि आणून द्यायचे. आम्ही म्हणायचो, गुलाबांची एवढी काळजी, देवाला तरी एवढी करतात का.

डॉक्टर : मग त्यांना माहीत असणार खाली काय आहे ते.

मावशी : असेल. पण मास्तर तर गेले वर. विचारणार कुणाला? ते खुरपं दे इकडे.

डॉक्टर : मावशी, गुडघे दुखतात ना तुमचे?

मावशी : गुडघे रोज दुखतात. जमिनीतून लोखंड रोज निघत नाही. दे.

डॉक्टर : थांबा, मीही बसते. पण ओढू नका हं. कडेकडेने माती मोकळी करा. रोज दात काढते मी. वर एवढासा दिसतो, आणि ओढायला लागलं की कळतं मूळ कुठवर गेलंय.

मावशी : हे हँडल आहे.

डॉक्टर : कसलं?

मावशी : गाडीचं. हा ब्रेक बघ. इकडे माती ओढ. अजून. हा दिव्याचा गोल.

डॉक्टर : अख्खी स्कूटर? स्कूटर कोण पुरतं हो? भंगारवाला दारात येऊन घेऊन जातो.

मावशी : ज्याला ती कुणाला दिसायला नको असते तो पुरतो.

डॉक्टर : चोरीची असेल का? मास्तर आणि चोरी, छे. कुणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिली असेल. की अपघात झाला असेल? मावशी? काय झालं? खुरपं का टाकलंत?

मावशी : सीटवरची माती पूस जरा.

डॉक्टर : रेक्झिन आहे. फाटलंय. पण शिलाई अजून शाबूत आहे, बघा.

मावशी : दुहेरी शिलाई आहे ना? आणि कोपऱ्यात उलटी दुमड?

डॉक्टर : हो. तुम्हाला कसं…

मावशी : माझी शिलाई आहे ती. आमच्या शिवणाच्या कारखान्यातली जाड सुई घरी आणून मी हे कव्हर शिवलं होतं. ही आमची स्कूटर आहे.

डॉक्टर : म्हणजे तुमच्या मिस्टरांची?

मावशी : तुला इथे येऊन वर्ष होत आलं. ऐकलं असशीलच तू.

डॉक्टर : थोडंफार. ते घर सोडून गेले, एवढंच.

मावशी : एका सकाळी म्हणाला, पेट्रोल भरून येतो. तो गेला तो गेलाच. पंचवीसेक वर्षं झाली. कॉलनीतले लोक माझ्या पोराला हसून विचारायचे, "काय रे, भरलं का बाबांनी पेट्रोल?" कुणी म्हणे त्याने दुसरं घर केलं, कुणी म्हणे परदेशी गेला. मी म्हणायचे, जिथे असेल तिथे असो. पण गेला तो स्कूटरवरून गेला. मी दारात उभी होते. या कोपऱ्यावरून वळताना मी त्याला पाहिलंय.

डॉक्टर : मग ती इथे कशी?

मावशी : तेच तर.

डॉक्टर : मावशी, आपण इथेच थांबू. मी पोलिसांना फोन करते. मिस्त्री बरोबर बोलत होता.

मावशी : का थांबायचं? खाली तो असेल म्हणून?

डॉक्टर : मी तसं नाही म्हटलं.

मावशी : तू म्हटलं नाहीस, मिस्त्रीने म्हटलं नाही. मी म्हणते. असेल तर मला बघू दे. पोलीस आले की दोरी बांधतील आणि मला भिंतीपलीकडे उभं करतील. पंचवीस वर्षं मी पलीकडेच उभी आहे.

डॉक्टर : बरं. पण आधी चहूबाजूंची माती काढू आणि स्कूटर एका कडेला कलती करू. तुम्ही हँडल धरा, मी मागून उचलते. सावकाश. गंजलीय, हात कापेल.

मावशी : कापू दे.

डॉक्टर : झालं. आता तुम्ही बाजूला बसा, पाणी प्या. मी खणते.

मावशी : तू खण, मी माती उपसते. दोघींनी केलं की लवकर होईल.

डॉक्टर : मावशी, ही माती इथे पिवळी झाली. कडक लागतेय. खुरपं आतच जात नाही.

मावशी : मुरूम आहे तो. आमच्याकडे हौद खणला तेव्हाही असाच लागला होता. चारी बाजूंनी बघ.

डॉक्टर : सगळीकडे तसाच आहे. एकसंध. हा कुणी कधी उकरलेला नाही.

मावशी : नक्की?

डॉक्टर : नक्की. इथे फक्त स्कूटर होती. बसा मावशी. असं मातीत नको, या पायरीवर बसा.

मावशी : दोन मिनिटं दे. त्या डिकीत बघ काही आहे का.

डॉक्टर : झाकण अडकलंय… निघालं. पाना आहे. फडकं. जुना प्लग.

मावशी : बस्स?

डॉक्टर : बस्स.

मावशी : त्याच्या डिकीत यापलीकडे कधी काही नसायचंच. मास्तरीणवहिनींचा नंबर आहे का तुझ्याकडे? लेकीकडचा?

डॉक्टर : आहे. घराच्या व्यवहाराच्या वेळी दिला होता. पण त्यांना माहीत असेल का?

मावशी : नवरा अंगणात स्कूटर पुरतो आणि बायकोला माहीत नसतं, असं होतं का? लाव. आणि आवाज मोठा ठेव, मला कमी ऐकू येतं हल्ली.

(फोन वाजतो आणि उचलला जातो.)

मास्तरीण : कोण?

डॉक्टर : काकू, मी दातांची डॉक्टर बोलतेय, तुमच्या जुन्या घरातून. शेजारच्या मावशी पण इथेच आहेत.

मास्तरीण : अगंबाई. बरी आहे ना ती?

मावशी : मी बरी आहे, वहिनी. आम्ही गुलाबाच्या वाफ्यात बसलोय. डॉक्टर तिथे हौद करतेय.

मास्तरीण : हौद. वाफ्यात.

मावशी : हो. मिळाली आम्हाला.

मास्तरीण : मी यांना सांगत होते, घर विकायच्या आधी काहीतरी करा त्याचं. पण हे आधी गेले आणि घर नंतर विकलं. एकटी म्हातारी मी काय करणार होते.

मावशी : तो कुठे आहे?

मास्तरीण : ते मला माहीत नाही. देवाशपथ नाही. तो जिवंत इथून चालत गेला, एवढं सांगते. तुझ्या मनात काय आलं असेल ते कळतंय मला. तसलं काही नाही झालं.

मावशी : मग काय झालं?

मास्तरीण : तो परत आला होता. गेल्यानंतर तीन-चार महिन्यांनी. भर दुपारी. तू कारखान्यात, पोरगं शाळेत, तुझ्या दाराला कुलूप. एवढा प्यायला होता की आमच्या फाटकाशी गाडीसकट पडला. यांनी उचलला, पायरीवर बसवला आणि किल्ली काढून घेतली. त्याने विचारलं, घरातली माणसं कुठे गेली? हे म्हणाले, भावाकडे गेली कायमची. घर भाड्याने दिलंय.

मावशी : मास्तर असं म्हणाले?

मास्तरीण : हे म्हणाले, आणि मी मान डोलावली. तो रडला थोडा वेळ. मग म्हणाला, गाडी राहू दे तुमच्याकडे, नंतर नेतो. आणि बसस्टँडकडे चालत गेला. गाडी आम्ही मागच्या खोलीत पोत्यांखाली ठेवली. पण तू येता जाता त्या खोलीतून शिडी न्यायचीस. किती दिवस झाकणार? मे महिन्यात तू खरंच भावाकडे गेलीस, तेव्हा यांनी खड्डा खणला. वर गुलाब लावले.

मावशी : म्हणजे मी इथे शेजारी राहून तुमच्याकडून गुलाब न्यायचे, आणि…

मास्तरीण : हो.

मावशी : माझा नवरा माझ्या दारात आला होता आणि तुम्ही मला सांगितलं नाही.

मास्तरीण : सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?

मावशी : घरात घेतलं असतं.

मास्तरीण : म्हणूनच नाही सांगितलं. अगं, आपल्या दोघींच्यात एकच भिंत. मला काय ऐकू येत नव्हतं? हात गळ्यात बांधून तू माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, मोरीत पाय घसरला. मी काय म्हटलं? जपून चालत जा. एवढंच म्हटलं मी. पोरगं आमच्याकडे येऊन पलंगाखाली झोपायचं, आठवतं? तो गेल्यावर महिनाभरात ते पलंगावर झोपायला लागलं.

मावशी : मला विचारायचं होतं वहिनी. माझं आयुष्य होतं.

मास्तरीण : तुझं होतं. पोराचंही होतं. मी माफी मागणार नाही. आज तो त्याच फाटकाशी आला, तसाच, तर मी पुन्हा तेच करीन.

डॉक्टर : काकू, ते त्यानंतर कधीच आले नाहीत?

मास्तरीण : तू कशाला विचारतेस गं मध्येच.

मावशी : तिने विचारलं ते बरोबर आहे. आला होता?

मास्तरीण : एकदा. वर्षा-दीड वर्षाने.

मावशी : प्यायलेला?

मास्तरीण : नाही. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. कुठल्याशा बर्फाच्या कारखान्यात कामाला लागलोय म्हणाला. गाडी द्या, तिच्या भावाकडे जातो, तिची समजूत काढतो. हे म्हणाले, तुझी बायको येऊन गाडी घेऊन गेली आणि तिने ती विकली. त्याने ते ऐकून घेतलं. माझ्याकडे पाणी मागितलं. पाणी पिताना तो भिंतीपलीकडे बघत होता. तुझ्या दोरीवर पोराचे शाळेचे कपडे वाळत होते. मला म्हणाला, हे कुणाचे? म्हटलं, भाडेकरूंच्या मुलाचे.

मावशी : मग?

मास्तरीण : म्हणाला, माझाही आता एवढाच झाला असेल. आणि पेला विसळून ठेवला आणि गेला.

डॉक्टर : मावशी, पाणी घ्या.

मास्तरीण : आहेस ना तिथे? बोल की काहीतरी. शिव्या दे हवं तर.

मावशी : तुमचं जेवण झालं का?

मास्तरीण : नाही अजून. लेक वाढतेय.

मावशी : मग जेवून घ्या आधी. साखर आहे तुम्हाला. मी करीन फोन नंतर.

मास्तरीण : करशील ना?

मावशी : करीन. पण आज नाही.

डॉक्टर : ठेवला त्यांनी.

मावशी : हं.

डॉक्टर : रागावला आहात?

मावशी : कुणावर रागवायचं तेच ठरत नाहीये. मी आजारी पडले तेव्हा याच बाईने माझ्या पोराला भरवलं. मास्तरांनी त्याला गणित शिकवलं, म्हणून तो आज इंजिनियर आहे. आणि त्याच माणसाने त्याच्या बापाला दारातून परत पाठवलं. एका ताटात दोन्ही वाढलंय गं. काय बाजूला काढू?

डॉक्टर : त्यांना शोधायचं का? बर्फाचे कारखाने असून असून किती असतील. मी चौकशी करू शकते.

मावशी : आज नको. आज मला फक्त पोराला सांगायचंय. त्याला वाटतं, बापाने मागे वळूनही बघितलं नाही. त्याची स्वतःची मुलगी शाळेत जायला लागली, तरी अजून तो बापाचा विषय निघाला की खोलीतून उठून जातो.

डॉक्टर : आणि मारहाणीचं?

मावशी : ते त्याला माहीत आहे. पलंगाखाली तोच झोपायचा ना. आता दुसरी बाजूही कळू दे. काय करायचं ते तो ठरवेल.

डॉक्टर : मिस्त्री येतोय बघा. कोपऱ्यावर थांबून अंदाज घेतोय.

मावशी : त्याला म्हणावं ये, घाबरू नकोस. जुनी गाडी निघाली, माझी आहे. उचलून माझ्या अंगणात ठेव.

डॉक्टर : मावशी, एक विचारू? पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही त्यांना घरात घेतलं असतं, हे खरंच?

मावशी : खरंच. चपला काढायच्या आधी घेतलं असतं. वहिनी चुकीचं नाही बोलल्या.

डॉक्टर : आणि दुसऱ्यांदा? शुद्धीत आले तेव्हा?

मावशी : तेव्हा मी कटिंग विभागाची मुख्य झाले होते. पोरगं रात्रभर न दचकता झोपायचं. तेव्हा नसतं घेतलं.

डॉक्टर : म्हणजे तुम्हाला कळलं असतं तरी शेवटी तेच झालं असतं.

मावशी : तेच झालं असतं. पण मी त्याला पाणी दिलं असतं. पोरगं शाळेतून येईपर्यंत बसवलं असतं, दोघांना एकमेकांना बघू दिलं असतं. आणि मग दारात उभं राहून मीच सांगितलं असतं, आता जा.