खांबापाशी उंची ठीक

तारेची उंची खांबापाशी मोजून "धोका नाही" असं लिहिणाऱ्याने एकदा तरी भाताचा भारा डोक्यावर घेऊन त्या तारेखालून चालून दाखवावं.

धसईजवळ आमच्या शेतातला विजेचा मधला खांब पडला. तो पुन्हा उभा करायचं सोडून तीच तार दोन टोकांच्या खांबांवर ठेवून दिली. माझी सखूकाकू भारे घेऊन तिथूनच खळ्यावर जाते, आता वाकून जाते. मी तीनदा अर्ज दिले, तेव्हा कुठे साहेब आणि वायरमन आले. वायरमनने खांबाला बांबू लावून उंची मोजली. साहेबांनी लिहिलं, "ठीक."

मी म्हणाले, "साहेब, तार मधे लोंबते. खांबांमधलं अंतर दुप्पट झालं आणि ताण तेवढाच राहिला, तर झोळ चौपट होतो. मी इंजिनिअरिंग केलंय, गणित मांडून दाखवते."

"गणित राहू दे. फॉर्मवर खांबापाशीची उंची मागितलीय."

"मग काकूने खांबाला चिकटून जायचं का?"

"जाऊ दे ना. चार पावलं जास्त पडतील."

माझं डोकंच फिरलं. मी वायरमनला म्हटलं, "दादा, मोजू नका, नुसते मधे जाऊन उभे राहा. साहेबांना दिसू दे."

तेवढ्यात काकू पुढचा भारा घेऊन तारेखालून वाकून आली. वायरमन जागचा हलला नाही.

"मी नाय जायचा, ताई. लाईन चालू हाय, आन् मधे तार लय खाली आलीय."