बदामाचं टोक

मी मूळची हुपरीची, कोल्हापूरजवळची, चांदीकामाचं गाव, आमच्यात घरोघरी पैंजणं व्हतात, बाप्ये तार ओढायचे आन् आम्ही बायका खाली बसून कड्या जोडायचो, शाळा चौथीपर्यंत, म्होरं सगळं आगीसमोर. आता ह्या केंब्रिजला दहा वरसं झाली, विलायतेतलं न्हवं, कॅनडातलं, लोक लई फसतात. माझा लेक हितं मोटारींच्या कारखान्यात हाय, आमचे हे वारले तवा त्यानं मला स्पॉन्सर करून आणलं.

पयला विंटर मी बेसमेंटमधी बसून काढला, रडायला तरी कोण बघतंय. मग सुनंनं, सायलीनं, नदीकडंच्या दागिन्यांच्या दुकानात रिपेअरला माणूस पायजे अशी पाटी बघितली. दुकानवाली मॉरीन, तिचे आईबाप आयर्लंडचे. तिनं एक तुटकी साखळी म्होरं टाकली, मी जोडली, तर भिंग लावून बसली, सांधा कुठाय सापडंना तिला. तिथनं जे बसले ते बसलेच.

माल सगळा तिच्या मुलखाचा. तीन पानाचं पदक बघून मी म्हटलं बेल, महादेवाचा, तर ती म्हणाली नो नो, हे आमचं पान. एक गाठ व्हती, तिला म्हणं सुरुवात न्हाई की शेवट न्हाई, आन् मी खुळी सुई घेऊन अर्धा तास टोक हुडकत बसले, मॉरीन हसून हसून रडायची बाकी. आणखी एका पदकावर तीन भोवरे व्हते, त्यांचा अर्थ कुणी जल्म-जगणं-मरण सांगतं, कुणी आणखी काय, खरं काय मलाबी ठाऊक न्हाई म्हणाली. म्हटलं, आमच्यागतच की.

पर अंगठी एक सगळ्यात म्हत्त्वाची. दोन हात, त्या हातात बदाम, वर मुकुट. हात म्हणजे मैत्री, बदाम म्हणजे माया, मुकुट म्हणजे इमान. बदामाचं टोक मनगटाकडं असलं की बाई कुणाची तरी, आन् नखाकडं असलं की मोकळी. मॉरीनचं टोक आत, शॉनच्या नावाचं. शॉन तिचा नवरा, चार वाजता आम्हा दोघींना च्या आणून द्यायचा, माझ्यात साखर जास्ती. म्हटलं समजलं, हे यांचं मंगळसूत्र. तिथंच चुकलं माझं, काय सांगू तुम्हाला.

फेब्रुवारीत शॉन गेला. चर्चमधनं समदी मॉरीनच्या घरला आली, सँडविच खात बोलाय लागली, आन् माझं ध्यान तिच्या बोटावर, टोक अजून आतच. आमचे हे गेले तवा माझ्या जावंनं चारचौघीत धरून माझं मंगळसूत्र तोडलं, बांगड्या वाढवल्या, आमच्यात फोडल्या म्हणत न्हाईत, वाढवल्या म्हणतात, काच मनगटात घुसली. मला वाटलं, हिला असं कुणी वढू नये, आपणच करावं, हळू हातानं. वॉशरूममधी नेली तिला, साबण लावला, तिला वाटलं मी हात धुतीय, तिचं ध्यानच नव्हतं. सुजलेल्या पेरावरनं अंगठी काढली, टोक भाईर केलं आन् परत घातली.

तिनं बघितलं. मग म्हणाली, गेट औट. तेवढं इंग्लिश मला येतं.

दोन आठवडे मी दुकानाकडं गेले न्हाई. लेक म्हणाला, आई, काय करून बसलीस. मग सायलीला संगं घेतलं, मॉरीनच्या घरी गेले आन् सगळं सांगितलं, जाऊ, मंगळसूत्र, बांगड्या, काच. सायली इंग्लिशमधी सांगता सांगता मधीच थांबली, म्हणाली, आई, हे तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत. म्हटलं, तू सांग तिला आधी.

मॉरीननं हात म्होरं केला. टोक भाईरच. पेर आणखी सुजलं व्हतं, अंगठी निघंना, वढून वढून बोट सोललं व्हतं बाईनं. माझ्यापायी दोन आठवडे ती तशी बसली हो, नवऱ्याचं दुःख ऱ्हायलं बाजूला. तिला दुकानात नेलं, तिचा हात माझ्या हातात धरून अंगठीवर करवत चालवली, कातडीला लागू दिली न्हाई. तुकडा घालून अंगठी मोठी केली, टोक आत करून बोटात घातली. ती म्हणाली, तो मेलाय, माझ्यापासनं गेला न्हाई.

मग तिनं सायलीला इचारलं, हिचं ते मंगळसूत्र कुठाय? म्हटलं, दिरानं त्याच आठवड्यात मुशीत घालून वितळवलं, पुतणीचे डूल झाले. मॉरीन म्हणाली, तुला इचारलं व्हतं का कुणी? सायलीनं ते मराठीत सांगितलं. मला कुणी इचारलं नव्हतं, आन् मी तरी हिला कुठं इचारलं?

आता ती अठ्ठ्याहत्तरची हाय, मंगळवारी आन् शुक्रवारी दुकानात येते. तसंच मंगळसूत्र सोन्याचं करून देते म्हणाली, मी नको म्हटलं. ह्यांनी घातलेलं ते ह्यांनीच घातलेलं, दुसरं काय करायचं? तिचं टोक मरंस्तोवर आत ऱ्हाऊ दे, देवानं तेवढं करावं. माझा हात काम करता करता गळ्याकडं जातो, अजून जातो बघा, आन् काय सापडत न्हाई.