सावरीची उशी

घाटकोपरच्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीपाशी मालन नवऱ्याची चिठ्ठी घेऊन रांगेत उभी होती. केमोने गुणाजी पार गळून गेला होता. वर वॉर्डात ऋतिका बापाजवळ बसली होती. मालनच्या पुढचे मायलेक हळू बोलत होते, तरी शब्द न् शब्द कानावर येत होता.

“बाबांना वेगळ्या खोलीत का हलवलं, अनय? खरं सांग.”

“रक्तात बुरशी सापडलीय, आई. यीस्ट म्हणतात. तीन औषधं झाली, एकही लागू पडत नाहीये.”

“बुरशी? पावावर येते ती?”

“तसलीच, पण ही मरतच नाही. खाटेला, कपड्याला चिकटून राहते. केमोवाल्यांना तर लगेच धरते. सिस्टर म्हणाल्या, बाबांचं सगळं सामान पिशवीत बांधून द्या. आपली घरची उशी कुठेय?”

“दिली रे.”

“कुणाला?”

“पलीकडच्या खाटेवरच्या काकांना. मान अवघडली होती बिचाऱ्यांची. मुलगी नको नको म्हणत होती, मीच डोक्याखाली सरकवली.”

“वाट लागली! चल वर, आधी ती काढून घे.”

“दिलेली वस्तू कुठल्या तोंडाने परत मागू?”

“आई, जीव जाईल त्यांचा!”

“हळू बोल ना. लोक ऐकतायत.”

मालनचा फोन वाजला. ऋतिका होती.

“मम्मी, सावकाश ये गं. पप्पा चार दिवसांनी आज गाढ झोपलेत. शेजारच्या काकूंनी उशी दिली ना, सावरीची. तिच्यात तोंड खुपसून झोपलेत बघ.”